यादी, नक्कल, प्रदर्शन: एका तालुक्याच्या इतिहास मंडळाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी जुनं इतिहास मंडळ आहे. मंडळ, गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून इथे नावं दिलेली नाहीत आणि काही तपशील गाळले आहेत. निर्णय कोणते झाले आणि कोणत्या क्रमाने झाले, ते मात्र घडलं तसंच मांडलं आहे. इथे ‘आम्ही’ म्हणजे या कामात मंडळाला सल्ला देणारे आणि शिकवणारे.

महाराष्ट्रात अशी मंडळं बरीच आहेत. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गेल्यावर १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. त्या काळात गावोगावच्या शिक्षकांनी आणि वकिलांनी आपापल्या भागातले वाडे पालथे घातले, माळ्यावरची दप्तरं मागून आणली आणि जमेल तशी सांभाळली. या मंडळाचा संग्रह असाच साठत गेला.

संग्रहात मोडी कागदांचे तीसेक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे आहेत, बहुतेक एका जुन्या वतनदार घराण्याकडून आलेले. सनदांच्या नकला, महजर (पंचांच्या सभेतल्या निर्णयाचे कागद), निवाडे, जमाखर्चाचे ताव, खासगी पत्रं असं सगळं त्यांत एकत्र आहे. पोथ्या आणि काही बाडं (बांधीव हस्तलिखितं) आहेत. १९२० च्या दशकात सुरू होऊन पुढे पन्नासेक वर्षं चाललेल्या स्थानिक साप्ताहिकाच्या बांधीव फायली आहेत. गावातल्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह आहेत. आणि एका प्राथमिक शिक्षिकेने १९८० च्या दशकात आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या कॅसेटी आहेत. आमच्या मते संग्रहातली सर्वांत मोलाची गोष्ट या कॅसेटी. मंडळात मात्र त्यांचं नाव सर्वांत शेवटी निघायचं.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे. उत्पन्न म्हणजे वर्गणी आणि सभागृहाचं भाडं. कार्यवाह निवृत्त ग्रंथपाल आहेत. मोडी सराईतपणे वाचणारे एकच गृहस्थ उरलेत, त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मंडळाच्या तळमजल्यात पाणी शिरलं. रुमाल माडीवर असल्याने वाचले, पण साप्ताहिकाच्या खालच्या कप्प्यातल्या काही फायली भिजून त्यांचे गठ्ठे झाले. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा उंबऱ्याला लागलं. त्यानंतरच्या बैठकीत विश्वस्तांनी एका ओळीचा ठराव केला: संग्रह स्कॅन करून इंटरनेटवर टाकावा. तो ठराव घेऊन कार्यवाह आमच्याकडे आले.

अडचण नेमकी कुठे होती

ठराव एका ओळीचा असला तरी त्यात तीन वेगळी कामं होती. आपल्याकडे काय आहे त्याची यादी करणं, हे पहिलं. असलेल्या वस्तूची चांगली नक्कल करून ती जपणं, हे दुसरं. आणि ती नक्कल जगाला दाखवणं, हे तिसरं. तिन्हींचा खर्च वेगळा, धोके वेगळे, आणि परवानगी कुणाची लागते तेही वेगळं. ‘डिजिटायझेशन’ म्हटलं की ही तिन्ही कामं एकात मिसळतात आणि मग सगळी चर्चा स्कॅनर कोणता घ्यायचा यावर येऊन थांबते. या प्रकरणात पुढे जे जे बरं झालं, ते ही तीन कामं वेगळी धरल्यामुळे झालं असं आमचं स्पष्ट मत आहे.

यादी नव्हती. एक जुनं दाखल-रजिस्टर होतं, ते मध्येच थांबलेलं. त्यापुढचं सगळं कार्यवाहांच्या आणि सरांच्या डोक्यात होतं.

मालकीचा घोळ त्याहून नाजूक होता. वतनदार घराण्याचे निम्मे रुमाल रीतसर देणगी म्हणून आलेले, त्याचं पत्र होतं. उरलेले ‘तुमच्याकडे असू देत’ एवढ्या शब्दावर ठेवलेले. ठेवणारे गृहस्थ वारले. वारस पुण्यात, मुंबईत आणि एक अमेरिकेत. कागद मंडळाच्या ताब्यात होते, पण ते मंडळाचे होते का?

विश्वस्तांमध्ये उघड बोलली न जाणारी एक भीतीही होती. अध्यक्षांनी ती अखेर बोलून दाखवली: “सगळं नेटवर गेलं की आमच्याकडे येणार कोण?” हा प्रश्न आम्ही अगदी गांभीर्याने घेतला. लहान मंडळाची पत त्याच्या दप्तरावर असते. संशोधक येतो, चहा घेतो, पुस्तकात ऋणनिर्देश करतो, वर्गणीदार होतो. संग्रह खुला केल्यावर मंडळाचं स्थान कमी होणार असेल, तर विश्वस्त तो मनापासून खुला करणार नाहीत आणि अर्ध्यावर काम थांबेल.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय एका खासगी एजन्सीचा होता. पानामागे दर ठरवून ते सगळं स्कॅन करून देणार होते. दर परवडण्यासारखा होता, पण करारात दोन कलमं अशी होती की स्कॅनची एक प्रत एजन्सीकडे राहील आणि ती त्यांच्या सशुल्क संकेतस्थळावर वापरता येईल. शिवाय कागद गावाबाहेर न्यावे लागणार होते. ज्या दप्तराची यादीच नाही, ते बाहेर गेलं तर परत काय आलं हे तपासायचं कशावरून? या एका कारणासाठी हा पर्याय गळला. करार बदलून घेता आला असता, यादीची उणीव मात्र करारातून भरून निघत नाही.

दुसरा पर्याय सगळं मोठ्या संस्थेकडे सोपवण्याचा. तिथे वातानुकूलित खोली असते, प्रशिक्षित माणसं असतात. सरांचा कल इकडे होता, कारण आपल्यानंतर मोडी कोण वाचणार ही त्यांची काळजी खरी होती. पण दप्तर गावाबाहेर गेलं की ते वाचायला गावातला विद्यार्थी जात नाही, हेही तितकंच खरं. विश्वस्तांनी हा पर्याय बंद केला नाही, पुढे ढकलला.

तिसरा पर्याय म्हणजे मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर टाकायचे. एक तरुण सदस्य हे आधीपासूनच हौसेने करत होता आणि त्याला प्रतिसादही भरपूर होता. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेलं चित्र दाबून लहान होतं, त्यावर रुमालाचा क्रमांक नसतो, आणि चार दिवसांनी ते शोधून सापडत नाही. त्याच्या उत्साहाला आवर न घालता त्याला पुढच्या कामात घेणं हा मंडळाने घेतलेला फार चांगला निर्णय होता. पुढे छायाचित्रणाचं सगळं काम त्यानेच उभं केलं.

चौथा पर्याय निवडला गेला. काम मंडळाच्या इमारतीतच, मंडळाच्या माणसांनी, लहान टप्प्यांत करायचं. आम्ही शिकवायचं आणि बाजूला व्हायचं.

पहिला निर्णय: आधी यादी, आणि तीच आधी जाहीर

विश्वस्तांना पहिल्यांदा हे रुचलं नाही. पुराच्या भीतीने ठराव झालेला, आणि आम्ही सांगतोय की कॅमेरा काढण्याआधी रुमाल सोडून नोंदी करा. पण यादी झाल्याशिवाय आधी काय टिपायचं हेच ठरत नाही.

यादीसाठी साधी स्प्रेडशीट घेतली. रकाने थोडे: क्रमांक, प्रकार, एका ओळीचं वर्णन, मूळ काळ, इसवी सन, कुणाकडून आलं, स्थिती, कुठे ठेवलंय, आणि पाहण्याचा स्तर. हा शेवटचा रकाना पुढे सर्वांत कामाचा ठरला.

तारखांवर बराच वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. मोडी कागदावर वेगवेगळ्या कालगणना असतात: शक असतो, फसली असतो, राज्याभिषेक शक असतो, आणि पेशवाईतल्या कागदांवर बहुधा सुहूर सन असतो, तोही अरबी शब्दांत, अक्षरी. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे सात, सत्तर, शंभर आणि हजार, एकूण ११७७. सुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यामुळे इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे हा कागद १७७६-७७ चा. विद्यार्थी सरसकट एकच आकडा मिळवत आणि वर्ष चुकत असे. सरांनी नियम घालून दिला: कागदावर जे लिहिलंय ते जसंच्या तसं एका रकान्यात, आपण काढलेलं वर्ष दुसऱ्यात, आणि शंका असेल तर तिसऱ्यात प्रश्नचिन्ह. मूळ नोंद शाबूत राहिली की आपलं गणित चुकलं तरी नंतरचा माणूस ते सुधारू शकतो.

यादी पूर्ण व्हायची वाट न पाहता दहा रुमालांची यादी झाल्याबरोबर ती जाहीर केली. चित्र एकही नाही, नुसत्या नोंदी. पुण्यातल्या एका अभ्यासकाने त्यातला एक निवाडा पाहायला मागितला आणि तो गावी आला. अध्यक्षांच्या प्रश्नाला आमच्या कुठल्याही युक्तिवादापेक्षा या भेटीने जास्त समाधानकारक उत्तर दिलं.

दुसरा निर्णय: नक्कल कशी करायची

सपाट स्कॅनर घ्यायचा नाही, हे लवकर ठरलं. पोथीची सुटी पानं त्यावर जमतील, पण साप्ताहिकाची जाड फाइल पालथी घातली की तिची शिवण तुटते, आणि एकाला एक चिकटवलेल्या लांब मोडी पट्ट्या त्यावर मावतच नाहीत. त्याऐवजी खाली तोंड करून बसवलेला जुना पण चांगला कॅमेरा, उभा स्टँड, दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत लावलेले दोन एलईडी दिवे, फाइलीसाठी व्ही आकाराचा लाकडी पाळणा. पाळणा गावातल्या सुताराने करून दिला.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६००० बाय ४००० बिंदू. ए-४ एवढा कागद चौकटीत थोडी मोकळी जागा सोडून घेतला तरी इंचाला चारशेच्या पुढे बिंदू मिळतात. बोरूच्या रेघा आणि पुसट शिक्के वाचायला तेवढं पुरतं. न दाबलेली टिफ फाइल पानामागे ७२ एमबी होते, म्हणजे हजार पानांना ७२ जीबी. हा हिशेब आधी करून मगच डिस्क घेतल्या. मूळ फाइलींच्या दोन प्रती, एक मंडळात आणि एक पुराच्या रेषेच्या वर राहणाऱ्या विश्वस्तांच्या घरी. लहान केलेल्या प्रती क्लाउडवर. पुढे यातली एक डिस्क अचानक बंद पडली, तेव्हा दुसऱ्या प्रतीवरून सगळं परत उभं राहिलं.

तीन गोष्टींवर आम्ही हटून बसलो. कागदाची पाठ कोरी दिसली तरी तिचाही फोटो घ्यायचा, कारण पत्र पोचल्याची नोंद किंवा जोडावरची खूण बऱ्याचदा तिथेच असते. प्रत्येक चौकटीत मोजपट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी दिसलीच पाहिजे. आणि फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही. एका घराण्याने फार प्रेमाने लॅमिनेट करून आणलेली सनद संग्रहात आहे. ती आता कुणालाही सुरक्षितपणे उघडता येत नाही. हे प्रत्येक गावात पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, आणि सांगत राहिलं पाहिजे.

पुरात भिजून चिकटलेल्या फायली बाजूला ठेवल्या. बुरशी होती, आणि त्या उघडण्याचं काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञाचंच आहे.

तिसरा निर्णय: काय दाखवायचं, काय नाही

इथे सर्वांत जास्त बैठका झाल्या. कायद्याचा आधार आधी पाहिला. भारतीय प्रताधिकार कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अशी तरतूद आली की नफा न कमावणारं सार्वजनिक ग्रंथालय आपल्याकडे असलेल्या कृतीची इलेक्ट्रॉनिक प्रत जतनासाठी ठेवू शकतं. म्हणजे जपण्यासाठी नक्कल करायची वाट बऱ्याच अंशी मोकळी होती. जाहीर करण्याचा विचार मात्र प्रत्येक प्रकाराबद्दल स्वतंत्र करायला हवा होता.

साप्ताहिकाचं उदाहरण घ्या. नाव असलेल्या लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. निनावी मजकुराचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. संस्थापक-संपादक स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत वारले होते, त्यांचं लेखन मुक्त झालेलं. निनावी बातम्या जुन्या अंकांपुरत्या मुक्त. पण त्याच अंकांत कविता आणि लेख लिहिणारे काही जण १९८० नंतरही हयात होते. प्रत्येक लेखकाचं मृत्युवर्ष शोधणं मंडळाच्या आवाक्याबाहेरचं. म्हणून विश्वस्तांनी वाट अशी काढली: छापखान्याच्या वारसाकडून लेखी संमती घ्यायची, माहितीतल्या लेखकांच्या कुटुंबांना पत्रं पाठवायची, स्वातंत्र्यापर्यंतचे अंक आधी खुले करायचे, आणि कुणी हरकत घेतली तर तो मजकूर काढून ठेवायचा हे पानावर स्पष्ट लिहायचं. कायद्याच्या काटेकोर नजरेने यात थोडी जोखीम उरते. विश्वस्तांनी ती समजून घेऊन, ठरावात नोंदवून स्वीकारली.

मोडी कागदांवर हक्काचा प्रश्न नव्हता, माणसांचा होता. महजरात आणि निवाड्यांत गावातल्या आजच्याच आडनावांची भांडणं आहेत. वतनाचे वाद, दत्तकाचे वाद, एखाद्या घरातल्या बाईवर घेतलेला आळ, कुणावर तरी बसलेला जातीचा बहिष्कार. दोनशे वर्षांपूर्वीचं असलं तरी गल्ली तीच आहे. सरांचं म्हणणं, इतिहास झाकायचा नसतो. एका विश्वस्त बाईंचं म्हणणं, “सर, तुम्ही वाचाल इतिहास म्हणून. आमच्या आळीत तो वाचला जाईल उणंदुणं काढायला.” दोघांचंही खरं होतं. शेवटी तीन स्तर ठरले. खुलं, म्हणजे चित्र आणि लिप्यंतर दोन्ही जाहीर. विनंतीवर, म्हणजे यादीत नोंद दिसेल, चित्र मंडळात येऊन किंवा पत्र पाठवून पाहता येईल. आणि बंद, म्हणजे फक्त नोंद, सोबत फेरविचाराचं वर्ष. बंद ठेवलेला प्रत्येक कागद कोणत्या वर्षी पुन्हा विचारात घ्यायचा हे लिहिल्यावर सरांनी मान्यता दिली. यादीतून कुठलाही कागद गाळायचा नाही, ही त्यांची अट होती आणि ती रास्त होती.

स्तर ठरून थोडाच काळ झाला असताना, सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि मंडळाच्या दारात लोक येऊ लागले. आपल्या घराण्याची नोंद सापडेल का, दाखला मिळेल का? दोन्ही बाजूंनी दडपण होतं. कुणी म्हणे सगळे कागद लगेच खुले करा, कुणी म्हणे एकही दाखवू नका. विश्वस्तांनी बैठक घेऊन छापील सूचना लावली: नियम सर्वांना एकच, कागद क्रमाने आणि नोंद करून पाहता येईल, मंडळ कुणालाही कसलाही दाखला देणार नाही, आणि यादीत जातीनुसार वर्गीकरण केलं जाणार नाही. लिप्यंतरात मात्र कागदावर जे आहे ते बदलायचं नाही. स्तर आधीच ठरलेले आणि लिहिलेले होते, म्हणून हे निभावलं. ऐन गर्दीत ते ठरवायला बसले असते तर मंडळ फुटलं असतं, असं कार्यवाह आजही म्हणतात.

वारसांशी पत्रव्यवहार चालूच होता. अमेरिकेतल्या वारसांनी एक मूळ सनद आपल्याकडे पाठवायची विनंती केली, घरात लावायला. भावना समजण्यासारखी होती. पण १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ऐतिहासिक मूल्याचं ७५ वर्षांहून जुनं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यांना पूर्ण आकाराची छापील नक्कल पाठवली. तिन्ही वारसांनी पुढे देणगीपत्रावर सह्या केल्या.

काचेच्या निगेटिव्हबद्दल थोडक्यात: त्या खालून उजेड देणाऱ्या पाटावर ठेवून टिपल्या आणि बहुतेक खुल्या केल्या. गेलेल्या माणसाला बसवून घरच्यांसोबत काढलेले फोटो ‘विनंतीवर’ ठेवले.

चित्रावर मंडळाचं नाव आडवं छापायचं का, यावरही वाद झाला. आडवं नाव मोडीच्या ओळीवरच येतं आणि वाचणारा हैराण होतो. तोड अशी निघाली की चित्राच्या खाली पांढरी पट्टी जोडून त्यात मंडळाचं नाव आणि क्रमांक द्यायचा. शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या कागदाचा फोटो काढला म्हणून त्यावर नवा हक्क सांगायचा नाही, हेही ठरलं. श्रेय मागायचं, मालकी नाही.

कॅसेटी

ओव्यांच्या कॅसेटींना आम्ही वेगळं प्रकरण मानलं. शिक्षिकाबाई हयात नव्हत्या. वेष्टनांवर गावाचं नाव आणि सन, क्वचित ‘पाटलांच्या वाड्यातल्या बायका’ असं काही. गाणाऱ्यांची नावं नाहीत.

तांत्रिक काम सोपं होतं: चांगला कॅसेट डेक, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची फाइल, तासाला साधारण एक जीबी. अवघड होतं ते बायकांना शोधणं. महाराष्ट्रात यासाठी एक आदर्श समोर आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी उभा केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह, ज्यात लाखाच्या वर ओव्या आहेत आणि गाणारीचं नाव, गाव ओवीसोबत नोंदलेलं आहे. त्या रीतीने काम करायचं ठरवून विश्वस्त बाई आणि कॉलेजातल्या दोन मुली ध्वनिमुद्रण फोनवर घेऊन त्या त्या वाडीवर गेल्या. ऐकवायचं आणि विचारायचं, हा आवाज कुणाचा?

बऱ्याच आवाजांना नावं मिळाली. काही बायका हयात होत्या. “तवा आमी दळताना म्हनलं, बाईंनी यंत्र ठिवलं. आता समदं जग ऐकनार?” असं एका आजींनी विचारलं आणि मग तासभर आणखी ओव्या सांगितल्या. संमती कागदावर सहीने किंवा अंगठ्याने घेतली, आणि कागद वाचून दाखवताना आवाजातही मुद्रित केली. एका घराने नकार दिला. सासूच्या जाचाच्या ओव्या होत्या, माणसांची नावं घेऊन गायलेल्या, आणि ती माणसं त्याच घरात आहेत. त्या ओव्या बंद स्तरात गेल्या. नावं गाळून संपादित आवृत्ती टाकावी अशी सूचना आली होती, ती विश्वस्त बाईंनी नाकारली. गाणारीने विश्वासाने गायलेलं कापून लावायचा अधिकार आपला नाही, हे त्यांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटलं.

निष्पत्ती

रुमालांची यादी पूर्ण झाली आणि ती मंडळाच्या साध्या संकेतस्थळावर आहे. साप्ताहिकाचे स्वातंत्र्यापर्यंतचे अंक इंटरनेट आर्काइव्ह या मोफत ऑनलाइन ग्रंथसंग्रहावर आहेत, काही छायाचित्रं विकिमीडिया कॉमन्स या खुल्या चित्रसंग्रहावर. सगळी खाती मंडळाच्या नावाच्या ईमेलवर आहेत, कुणा विद्यार्थ्याच्या खासगी पत्त्यावर नाहीत, आणि पासवर्ड दोन विश्वस्तांकडे बंद पाकिटात आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट आर्काइव्ह काही दिवस बंद पडलं, तेव्हा अंक विचारणाऱ्यांना मंडळाने आपल्याकडची प्रत थेट पाठवली.

येणाऱ्यांची संख्या घटली नाही. आता येणारा माणूस क्रमांक लिहून आणतो, त्यामुळे कार्यवाहांचा शोधण्यातला वेळ वाचतो. फोटोंतली माणसं ओळखून पाठवणारी पत्रं पुण्या-मुंबईहून येतात. काही ओळखी चुकीच्या निघतात, म्हणून ‘कुणी सांगितलं’ हा रकाना वाढवला. दोन घराण्यांनी नवीन दप्तरं देऊ केली आहेत. या खेपेला देणगीपत्र आधी, रुमाल नंतर.

जमलं नाही तेही मोठं आहे. लिप्यंतर फार हळू चाललंय. सरांनी घेतलेल्या मोडीच्या वर्गातून बरेच जण अक्षरओळखीपर्यंत आले, पण शिकस्त, म्हणजे भरभर लिहिलेली मोडकी, घसटी अक्षरं वाचण्यापर्यंत मोजकेच टिकले. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाण संचात, जागा मिळाली असली, तरी या हस्ताक्षरांना यंत्राने वाचण्यावर विसंबता येत नाही. कॉलेज संपलं की विद्यार्थी नोकरीला जातात, आणि प्रत्येक नव्या तुकडीला पाठीचा फोटो का घ्यायचा इथपासून शिकवावं लागतं. भिजलेल्या फायली अजून तशाच आहेत.

वेगळं काय करता येईल

क्रम बदलावा. या प्रकरणात रुमाल आधी घेतले गेले, कारण मंडळाची ओळख त्यांच्यावर आहे. पण पुरापासून दूर, कोरड्या माडीवर ठेवलेला हातकागद आणखी दहा वर्षं थांबू शकतो. आवाज ओळखणारी आजी थांबू शकत नाही. पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत पोचेतो काही बायका गेल्या आणि त्यांचे आवाज बिननावाचे राहिले. ज्या मंडळाकडे ध्वनिमुद्रणं किंवा ओळख न पटलेले फोटो आहेत, त्याने सुरुवात तिथूनच करावी, आणि रुमालांची यादी शेजारी चालू ठेवावी.

विद्यार्थ्यांना मानधन द्यावं. इथे प्रवासखर्च आणि जेवण दिलं गेलं. थोडं नियमित मानधन असतं तर एक-दोन जण आणखी वर्षभर टिकले असते असं त्यांनीच सांगितलं. कॅमेऱ्यासाठी देणगीदार सहज मिळतो, मानधनासाठी मिळत नाही. म्हणून अर्ज करतानाच दोन्ही रकमा एकाच कामाच्या म्हणून मांडाव्यात.

वारसांशी बोलणं ठराव होण्याआधी व्हावं. इथे तिघेही समजूतदार निघाले. एकाने जरी कागद परत मागितले असते, तर निम्म्या रुमालांवर केलेलं काम अडकून पडलं असतं.

आणि चालू खर्चाची तरतूद पहिल्याच अंदाजपत्रकात असावी: संकेतस्थळाचं वार्षिक शुल्क, काही वर्षांनी नव्या डिस्क, वर्षातून एकदा सगळ्या फाइली उघडतात का हे तपासायचा माणूस. मंडळाने सभागृहाच्या भाड्यातला ठरावीक वाटा यासाठी बाजूला काढायचा ठराव आता केला आहे. बंद स्तरातल्या पहिल्या कागदांचा फेरविचार २०२८ साली व्हायचा आहे.